रोगाचीही वंशावळ लिहा
(माहूर येथील भाषण)



वारसाहक्काचे काम आले की वकील प्रथम वंशावळ मागतो. जातीच्या दाखल्यासाठीही आपण ती पणजोबापर्यंत लिहून काढतो. मी आज तुमच्यापाशी दुसरी एक वंशावळ मागत आहे. आपल्या घराण्यात स्तनाचा कर्करोग कोणास झाला व कोणत्या वयात झाला, हे तुम्ही लिहून ठेवले आहे काय?

बहुतेक घरांत ते लिहिणे दूरच, बोललेही जात नाही. मुलीचे लग्न मोडेल, ही त्यामागची भीती. त्या भीतीपायी आईचे दुखणे लेकीपासून लपविले जाते आणि जिला सावध करावयाचे तीच अंधारात राहते.

हा रोग कोणाचा कोप नव्हे, शाप नव्हे. तो स्पर्शाने होत नाही. शंभर रोग्यांपैकी सुमारे पाच ते दहा जणांतच तो जन्मतः मिळालेल्या सदोष जनुकामुळे उद्भवतो. त्यांपैकी बीआरसीए-१ हे जनुक १९९४ साली शोधून काढण्यात आले. त्यातील दोष आईप्रमाणेच बापाकडूनही येतो. प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. म्हणून मावशीबरोबर आत्याचेही नाव लिहा. अंडाशयाचा कर्करोगही नोंदवा. मात्र दोष असला म्हणजे रोग होतोच, असे नव्हे.

तपासणीने काय साधते? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी एका गटाची स्तनतपासणी प्रशिक्षित स्त्रियांनी केवळ हातांनी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या गटात पन्नाशी ओलांडलेल्यांचे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत असा स्पष्ट लाभ आढळला नाही. म्हणून जिच्या आईस तरुणपणी हा रोग झाला, तिने केवळ एवढ्या तपासणीवर विसंबू नये. आईच्या रोगाच्या वयाआधी दहा वर्षे कोणती तपासणी सुरू करावी, हे तिने डॉक्टरांस विचारावे.

आता हक्काचे. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ साली, तेव्हा राजीव गांधींच्या नावाने, ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत आपला नांदेड जिल्हा होता. तिच्यात कर्करोगाचे उपचार येतात. तसेच केवळ आनुवंशिक रोगाच्या सबबीवर आरोग्य विम्याचा दावा नाकारू नये, असे विमा नियामकाने २०१८ साली कंपन्यांस बजाविले आहे. कोणी नकार दिला, तर त्याचे कारण लेखी मागा.

आज घरी गेल्यावर कोरा कागद घ्या. वडीलधाऱ्यांस विचारून नावे व वये लिहा. त्याची एक प्रत डॉक्टरांस दाखवा आणि दुसरी सासरी गेलेल्या लेकीस पोहोचती करा. लेकीला द्यावयाच्या वारशात हा कागदही असला पाहिजे.