अंगात ताप, दारात लोकल

पहाटे सव्वापाचला बाळाच्या कपाळाला हात लावला, तर चटकाच बसला. आणि विरारहून चर्चगेट लोकल गाठायचीय. रजा कोणी टाकायची? बहुतेक घरांत हा प्रश्न निघतच नाही, आईच थांबते. मला ते काही पटत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, हा कायदा लागू असलेल्या ठिकाणी वर्षाला 8 पगारी किरकोळ रजा मिळतात. त्या बाबांच्याही असतात! पाळणाघराचं म्हणाल, तर तापलेलं मूल तिथे सहसा घेत नाहीत.

शेजारच्या आजींकडे ठेवणार असाल, तर तोंडी सांगून निघू नका. कागदावर लिहा: कोणतं औषध, किती मिली, शेवटचं किती वाजता दिलं. जुलाब असतील, तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण ओतायचं, चिमूटचिमूट नाही. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. बाळ शांत असताना मिनिटभर श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त भरले, तर लोकल सोडा, दवाखाना गाठा.

दादरहून फोन कराल, तेव्हा नुसतं “ताप किती?” नको. “पाणी पितोय का? शू झाली का?” हे आधी विचारा.