परदेशी ‘ताकदीचा’ डबा : विकण्याआधी आणि खाण्याआधी

(पन्हाळा येथे बचत गटांतील महिलांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



घरचं आवरून, जनावरांचं बघून, वडाप पकडून तुम्ही गडावर आलात. तेव्हा लांबण लावत नाही, एका डब्याची गोष्ट सांगते.

तालुक्याच्या पश्चिम भागातलं एक गाव. पहिलटकरीण, सहावा महिना. आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्या तिने बंद केल्या होत्या. गोळीने मळमळतं, शी काळी होते, म्हणून घरात कुरकुर होतीच. त्यात चुलत जावेने अडीच हजारांचा परदेशी पावडरचा डबा आणून दिला. ‘यात सगळं आहे, आता सरकारी गोळ्या कशाला?’ पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन निघालं ७. तिला दवाखान्यात ठेवून शिरेतून लोह द्यावं लागलं.

तो डबा मी वाचला. दिवसाच्या दोन चमच्यांत लोह होतं ५ मिलिग्रॅम. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, आणि ती फुकट मिळते. डब्यावर आयातदाराचं नाव नव्हतं, परवाना क्रमांकही नव्हता. पावडरीने तिला अपाय केला असं मी म्हणत नाही. ते सांगायला ती कुणी तपासली होती कुठे? अपाय केला तो ‘यात सगळं आहे’ या वाक्याने.

आणि ती जाऊ? तिने गटातून २० हजारांचं कर्ज काढून माल उचलला होता. विकले गेले तीन डबे, बाकीचे पलंगाखाली. हप्ता मात्र दर महिन्याला. ती काही लबाड बाई नव्हे. शहरातल्या सभेत जे पढवलं तेच ती मनापासून सांगत होती. आपला अशक्तपणा आणि आपली चार पैशांची गरज, दोन्हींवर हा धंदा चालतो. म्हणून विकणारणीला दोष देऊन आपली सुटका होणार नाही.

‘परदेशातलं आहे, म्हणजे तपासलेलंच असणार’ असं आपण धरून चालतो. अमेरिकेत १९८९ साली एल-ट्रिप्टोफॅन नावाच्या पूरक गोळ्यांनी दीड हजारांहून अधिक माणसं आजारी पडली, निदान ३७ दगावली. आजारी पडलेल्यांत बहुसंख्य बायका होत्या. दोष सापडला तो मुख्यतः एका जपानी कारखान्यातून आलेल्या मालात. एवढं होऊनही १९९४ साली तिथे जो कायदा झाला, त्यानुसार अशी उत्पादनं विकण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागत नाही. सरकार हात घालतं ते बहुधा माल बाजारात आल्यावर.

वजन घटवण्याच्या गोळ्यांचं तसंच. सिब्युट्रामाइन या औषधाने हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून २०१० साली ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं. भारतात २०११ साली त्यावर बंदी आली. त्यानंतरही ‘शुद्ध वनस्पती’ असं छापलेल्या गोळ्यांत ते लपवून घातलेलं तिथल्या तपासणीत वारंवार सापडलं आहे.

डब्यात जे लिहिलंय तेच असलं, तरी जास्त म्हणजे चांगलं असं नसतं. रेटिनॉलच्या रूपातलं ‘अ’ जीवनसत्त्व गरोदरपणात अति झालं तर बाळात व्यंग येऊ शकतं. लोहाच्या गोळ्या लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं.

देशी डबा तरी भरवशाचा का? २०२४ साली भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन पावडरी संशोधकांनी तपासल्या. सुमारे ७० टक्क्यांत प्रथिनांचा आकडा लेबलाशी जुळला नाही, काहींत बुरशीचं विषही होतं. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रथिनांच्या पावडरी टाळा, असा सल्ला दिला. तालमीत जाणाऱ्या आपल्या पोरांनाही हे सांगा.

मग करायचं काय? डबा हातात आला की चार गोष्टी बघा. एक, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं चिन्ह आणि १४ आकडी परवाना क्रमांक. दोन, माल बाहेरचा असेल तर भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता. तीन, ‘हेल्थ सप्लिमेंट’ हे शब्द आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना. ही सूचना असलेला डबा मधुमेह किंवा पाळीचे आजार बरे करतो असं कुणी म्हणालं, तर ते खोटं समजा. चार, तारीख, तिच्यावर दुसरी चिठ्ठी चिकटवली आहे का तेही बघा. हे सगळं इंग्रजीत असतं, कारण कायद्याला इंग्रजी किंवा हिंदी चालते. म्हणून गटातल्या शिकलेल्या मुलीला जवळ बसवा. लेबल मराठीतही हवं, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

विकणारणींसाठी २०२१ चे थेट विक्रीचे नियम आहेत. सभासद होण्यासाठी फी घेता येत नाही, माल घेण्याची सक्ती करता येत नाही. वाजवी मुदतीत करार मोडून पैसे परत मागता येतात, विकण्याजोगा माल कंपनीला परत घ्यावा लागतो. ‘माणसं जोडा, पैसे मिळवा’ अशी साखळी बेकायदा आहे. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करा, क्रमांक १९१५. मालाबद्दल शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे जा. घेतलेला पदार्थ फी भरून तपासून घेण्याचा हक्क ग्राहकाला २००६ च्या कायद्याने दिला आहे.

आपल्या चळवळीला हा प्रश्न नवा नाही. १९८०च्या दशकात गर्भ आहे की नाही हे बघायला संप्रेरकांच्या जबर मात्रेच्या ‘ईपी’ गोळ्या बायकांना सर्रास दिल्या जात. ‘या गोळीत काय आहे?’ हे बायकांच्या संघटनांनी विचारलं. १९८२ साली सरकारने बंदीचा आदेश काढला, कंपन्या कोर्टात गेल्या, आणि बंदी पक्की व्हायला १९८८ साल उजाडलं. विचारणं सोडलं नाही, म्हणून ते झालं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. तो अडीच हजारांच्या डब्याने जाणार नाही. लाल गोळी जेवणानंतर घ्या, चहाबरोबर नको, लिंबू-आवळा बरोबर चालेल. शी काळी होते ती लोहामुळे, घाबरू नका. त्रास झाला तर आशाताईंना सांगा, पण गोळी परस्पर सोडू नका. आणि नाचणी, शेंगदाणे, पालेभाजी, दूध आपल्याच शिवारात पिकतं. ते सगळं बाजारात आणि डेअरीत पाठवून आपण कोरड्या भाकरीवर राहायचं, हे आधी थांबायला हवं.

त्या पहिलटकरणीचं रक्त आता १० वर आलंय. तिच्या जावेला गटाने वाळीत टाकलं नाही. हप्ता लांबवून दिला आणि माल परत घ्यावा म्हणून पत्र गेलं, त्याखाली सगळ्यांच्या सह्या आहेत. उत्तर अजून यायचंय.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातला असा डबा घेऊन या. आपण सगळ्या मिळून वाचू.