गाडी घेताना

आमच्या नवी मुंबईत हल्ली ज्याला त्याला उंच गाडी हवी असते. पावसाळ्यातले खड्डे पाहता ते खरेही आहे. पण लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन बाराशे सीसीपर्यंत असेल, तरच जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४०. सप्टेंबर २०२५ पासूनचा हा हिशेब. त्यामुळे या छोट्या एसयूव्ही बाहेरून रुबाबदार, आतून बेताच्या.

म्हणून मागच्या बाकावर तीन माणसे बसवून पाहा. ईदला किंवा गणपतीला पनवेलहून गोवा महामार्गाने गावी जायचे, तर डिकीत बॅगा मावतात का, पाहा. भारत एनकॅप ही टक्कर-चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली. त्यात पाचपैकी किती तारे मिळाले, ते किमतीआधी विचारा.

आम्ही शोरूममध्ये आधी अम्मीला बसवले. सेल्समन छताची काच उघडून आभाळ दाखवत होता. अम्मीने एवढेच विचारले, “बेटा, चढताना हात कशाला धरायचा?”

गाडी घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाच्या मापाने घ्यावी. धडधाकट माणूस काय, कुठेही मावतो.