हाती घेतलेले काम तडीस कसे न्यावे?

श्रोतेहो, तुमच्या गावात नसली तर शेजारच्या गावात एखादी अशी इमारत असेलच, की जिच्या चार भिंती उभ्या आहेत, पण वर छप्पर नाही आणि आत एरंड माजला आहे. चौकशी केली तर उत्तर ठरलेले: “पैसा कमी पडला हो!” पैसा कमी पडतो हे खरे, पण पुष्कळदा पैशाच्याही आधी कमी पडते ती कामाची जोडणी. ती अर्धवट भिंत म्हणजे नुसती दगडविटांची नासाडी नव्हे. पुढच्या वेळी तुम्ही वर्गणी मागायला गेलात, की लोक तिच्याकडेच बोट दाखवतात. गावाचा विश्वास एकदा उडाला, की तो पुन्हा बसायला फार काळ लागतो.

मग काम तडीस नेणारी माणसे निराळे काय करतात? आपल्याच मुलखातले एक मोठे उदाहरण पाहू. कोकणात रेल्वे यावी म्हणून बॅ. नाथ पै, मधु दंडवते यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली होती. अखेर १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची धुरा आली. रोह्यापासून मंगळुराजवळच्या ठोकूरपर्यंत सातशेहून अधिक किलोमीटरचा मार्ग. वाटेत सह्याद्रीचे फाटे, खाड्या आणि नद्या. नव्वदांवर बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल. त्यात पावसाळ्याचे चार महिने मातीकाम जवळजवळ बंदच.

एवढे काम एका माणसाच्या डोक्यात मावणारे नव्हते. म्हणून मार्गाचे सात भाग पाडले. प्रत्येक भाग सुमारे शंभर किलोमीटरचा, आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. रत्नागिरीचे काम रखडले तर कोणाला विचारायचे, हे सर्वांना ठाऊक होते. आपल्याकडे नेमके उलट होते. अकरा जणांची समिती नेमतो, आणि सिमेंट कोणी आणायचे हे कोणालाच ठाऊक नसते. बारभाईची शेती, काय लागेल हाती! समिती जरूर असावी. पण प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहावे, आणि त्या माणसाला ते काम करण्यापुरता अधिकारही द्यावा. दर खिळ्यासाठी त्याला सभा बोलवावी लागली, तर तो दोष त्याचा नव्हे.

दुसरी गोष्ट दिवसांच्या हिशेबाची. श्रीधरन पुढे दिल्ली मेट्रोचे प्रमुख झाले. तिथे पुढचा टप्पा पुरा व्हायला किती दिवस उरले, ते दाखवणारी उलटी घड्याळे लावलेली असत. असे घड्याळ तुम्हाला विकत आणायला नको. शाळेचा फळा पुरे. समजा, शाळेची नवी खोली जूनमध्ये मुलांना द्यायची आहे. मृग सात जूनच्या सुमारास लागतो. तिथून मागे मोजत या. गिलावा आणि फरशी यांना तीन आठवडे, म्हणजे मेच्या मध्यास सेंट्रिंग निघाले पाहिजे. त्याआधी स्लॅबला वीसएक दिवस पाणी मारायचे, म्हणजे स्लॅब एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पडला पाहिजे. त्याआधी भिंतींना मार्च, पायाला फेब्रुवारी. म्हणजे जागेचा उतारा, नकाशा, मंजुरी, वाळू आणि गवंडी यांची व्यवस्था जानेवारीतच झालेली हवी. आपण मात्र गुढीपाडव्याला नारळ फोडतो, आणि मग पावसाला दोष देतो!

आता तिसरी गोष्ट, आणि ती सर्वांत अवघड. योजना कितीही नीट आखली, तरी जमीन आपले ऐकतेच असे नाही. कोकण रेल्वेच्या कठीण खडकातल्या बोगद्यांसाठी स्वीडनहून यंत्रे आणली होती. पण काही ठिकाणी खडकाऐवजी पाण्याने भिजलेली मऊ माती लागली. गोव्यातला पेडण्याचा बोगदा त्यांपैकीच एक. तिथे ती यंत्रे निरुपयोगी ठरली. माणसांच्या हातांनी, इंचाइंचाने खणावे लागले, आणि खणलेले पुन्हा ढासळे. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून आंदोलनही झाले आणि १९९३ साली काही महिने काम थांबले. पाच वर्षांत पुरे करायचे योजलेले काम सात वर्षांवर गेले. २६ जानेवारी १९९८ रोजी सारा मार्ग खुला झाला. त्यासाठी अनेक कामगारांनी प्राण वेचले, हेही विसरता येत नाही.

यातून काय घ्यायचे? विहिरीला खडक लागला, गवंडी आजारी पडला, कोणी जागेबद्दल हरकत घेतली, तर ते झाकून ठेवू नका. दर आठवड्याला, ठरल्या वारी, कामाच्या जागेवरच अर्धा तास जमा. तीनच प्रश्न विचारा: काय झाले? काय अडले? अडलेले कोण, कधीपर्यंत सोडवणार? उत्तरे वहीत लिहा. हरकत घेणाऱ्याच्या घरी आधी जाऊन बसा. तो विरोधकच असतो असे नाही, कधी कधी नकाशातली चूक त्यालाच दिसलेली असते. आणि घाईपायी माणसाच्या जिवाशी खेळ करू नका. कच्च्या परातीवर उभ्या केलेल्या मजुराचा जीव तारखेहून मोलाचा आहे.

शिक्षक मित्रांनो, यात तुमचा वाटा मोठा आहे. शाळा व्यवस्थापन समितीची वही बहुधा तुमच्याच हाती असते. स्नेहसंमेलन, सहल, बालवाचनालय अशी लहान कामे मुलांवरच सोपवून पाहा. एकेकाला एकेक जबाबदारी, फळ्यावर उरलेले दिवस, आणि शेवटी सर्वांसमोर जमाखर्च. जे मूल सहलीचा हिशेब पैपर्यंत मांडायला शिकले, ते उद्या गावाचा बंधारा अर्धवट सोडणार नाही.

आणि श्रोतेहो, काम पुरे झाले की हारतुऱ्यांच्या आधी एक करा. किती पैसे आले, किती गेले, कशाला उशीर लागला, हे एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. तो कागद वाचून लोक पुढच्या कामाला आपण होऊन वर्गणी देतील.