टोळी निघायच्या आधी दाढ दाखवा



पोळा होऊन गेला की बीड जिल्ह्यातल्या दातांच्या दवाखान्यांत एक वेगळीच गर्दी सुरू होते. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज या भागांतून माणसं येतात आणि बहुतेकांची मागणी एकच असते: दाढ काढून टाका. दसरा-दिवाळी आली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर निघणार. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता ठरलेला असतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. एकदा फडात उतरलं की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, सुट्टी नाही. तिथं दाढ ठणकायला लागली तर खाडा होतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. त्यापेक्षा आधीच काढून टाकलेली बरी, असा हा साधा हिशोब.

अशीच एक बाई माझ्या दवाखान्यात समोर खुर्चीत बसली होती. चाळिशीच्या आतलीच असेल. गाल सुजलेला, हिरड्या मशेरीनं काळ्या पडलेल्या. दाढेला खड्डा मोठा होता, पण मुळं पक्की होती. मी म्हटलं, “मावशी, ही दाढ वाचंल. नस काढून साफ करू, वर टोपी बसवू. फक्त दोन-तीन वेळा यावं लागंल.” त्या म्हणाल्या, “डाक्टर, परवा गाडी भरायचीय. तुम्ही काढाच.” पैशाचा प्रश्न होताच, पण त्याहून मोठा प्रश्न दिवसांचा होता. रूट कॅनॉलला दोन-तीन खेपा लागतात, टोपीचं माप लॅबला जाऊन परत यायला आणखी काही दिवस जातात. परवा निघणाऱ्या माणसाकडे हे दिवस नसतात. दाढ गेली.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या जिल्ह्यात दाताचं काम ऊसतोडीचं वेळापत्रक बघूनच करायला हवं. पट्टा पडल्यापासून, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपासून दसऱ्यापर्यंत माणूस गावात असतो. त्या सहा महिन्यांत दाढेला छोटा काळा ठिपका दिसला आणि तेव्हाच दाखवलं, तर एका बैठकीत सिमेंट भरून काम संपतं. पण तेव्हा ती दुखत नसते, म्हणून कुणी येत नाही. दुखायला लागते तेव्हा कीड दाढेच्या नसेपर्यंत पोचलेली असते.

आणि दुखणं दाबायला मशेरी हाताशी असतेच. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून दाताला चोळली की थोडा वेळ बरं वाटतं हे खरं, पण बरं वाटण्यामागं तंबाखूची नशा असते, दाढ आतून किडतच राहते. बाजाराच्या दिवशी रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे काढून दाखवणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. खाली पडतात ते किडे नव्हेत, उष्णतेनं फुटलेल्या बियांतले कोवळे मोड असतात. दाढ किडते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंमुळं. गोड खाल्लं की ते आम्ल तयार करतात आणि दाताचं वरचं कवच हळूहळू विरतं. यात गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं याला महत्त्व जास्त. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, पहाटे कोरा चहा आणि बिस्कीट, फडात परत चहा, मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा. ऊस तोडणाऱ्याच्या दाताला ऊस कमी आणि साखर जास्त नडते.

आता मुलांबद्दल. आईबापांनी ही एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्या दुधाच्या दातांच्या मागं, अगदी आत, एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, त्यामुळं ती आलेली घरात कळतच नाही. किडली तर “दुधाचीच आहे, पडेल आपोआप” म्हणून सोडून देतात. ती दुधाची नाही. ती कायमची आहे. गेली तर परत येणार नाही.

ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात, काही मुलं गावात आजी-आजोबांजवळ राहतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला; त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत तपासणी करतात, त्यात दातही पाहतात. मात्र मूल आईबापाबरोबर फडावर असेल तर तपासणीच्या दिवशी ते पटावर असतं, वर्गात नसतं. अशा मुलांसाठी एक सोपा उपाय आहे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध किडलेल्या जागेवर ब्रशनं एखादं मिनिट लावायचं. मशीन लागत नाही, इंजेक्शन लागत नाही, वीजही लागत नाही. किडीची जागा काळी पडते, पण बहुतेक वेळा कीड पुढं सरकायची थांबते. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेनं हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. काळ्या डागाचं आयांना वाईट वाटतं, तेव्हा आधी नीट समजावून सांगावं लागतं.

डागावरून आठवलं. जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दुष्काळात बोअर आणखी खोल जातात आणि अडचण वाढते. पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असू नये. त्याहून जास्त पाणी लहानपणी पोटात गेलं तर पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे आणि नंतर तपकिरी पट्टे उठतात. त्या पोरांना “दात घासत नाहीस” म्हणून रागवू नका. कितीही घासले तरी ते डाग जात नाहीत, कारण दात जबड्यात घडत असतानाच ते पडलेले असतात. वयाच्या आठ वर्षांपर्यंत पिण्याचं पाणी सांभाळलं तर पुढचे दात वाचतात. ग्रामपंचायतीनं पाणी तपासून घेतलंय का, एवढं विचारा.

दातांच्या या सगळ्या कामाला माणसंही लागतात. बारावी विज्ञानाची मुलं ऐकत असतील तर त्यांच्यासाठी सांगतो. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीला नीट परीक्षेतून प्रवेश मिळतो. चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. बीडमध्ये आदित्य दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय महाविद्यालय आहे, लातूरलाही सोय आहे. खरं तेच सांगायचं तर पुण्या-मुंबईत बीडीएस झालेल्यांची दाटी आहे, आणि सुरुवातीचा पगार ऐकून पालकांचा चेहरा उतरतो. स्वतःचा दवाखाना टाकायचा तर खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह यांना काही लाख लागतात. म्हणून फी भरण्याआधी विचार करा. पण दातांचं काम फक्त डॉक्टरच करतो असं नाही. डेंटल मेकॅनिक कवळ्या आणि टोप्या बनवतो. डेंटल हायजिनिस्ट दात साफ करतो आणि शाळांमधून मुलांना शिकवतो. दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. हात कुशल असलेल्या मुलाला मेकॅनिकचं काम चांगलं जमतं. हे काम बहुतेकांना ठाऊकच नसतं, आणि आपल्याकडच्या टोप्या बाहेरगावहून बनून येतात.

जाता जाता, गुटखा-तंबाखू-मशेरीची सवय असलेल्यांसाठी. तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत घालून बघा. जात नसतील, किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, किंवा पांढरा चट्टा असेल, तर हंगाम संपायची वाट बघू नका. जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवून घ्या.

बाकीच्यांनी घटस्थापनेच्या आधी एकदा दात दाखवावेत. येताना जेवून या. दात काढायला उपाशीपोटी यायची गरज नसते. रक्तदाबाच्या, साखरेच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी सोबत आणा.