बाभूळ जळतणाच्या भावाने विकू नका

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापूस विकायचा आणि कापड विकत घ्यायचे, तूर विकायची आणि डाळ विकत घ्यायची, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. कच्चा माल स्वस्त द्यायचा, पक्का माल महाग घ्यायचा. यावर आपण दर बैठकीत बोलतो. आज धुऱ्यावर उभ्या असलेल्या एका कच्च्या मालाबद्दल बोलायचे आहे. बाभळीबद्दल.

आधी आमचीच चूक सांगतो. घरात मुलाचे लग्न निघाले. नवी सून येणार, पलंग पाहिजे, चार खुर्च्या पाहिजेत. आम्ही धुऱ्यावरच्या तीन जुन्या बाभळी एका ठेकेदाराला उक्त्या विकल्या. त्याने भाव लावला जळतणाचा. त्या पैशात पलंग बसेना, म्हणून उसनवारी केली. पलंग निघाला भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा. दुसऱ्या पावसाळ्यात फळ्या फुगल्या, स्क्रू सुटले. पलंग मोडला तरी उसनवारी फिटली नव्हती. आणि त्याच घरात आजोबांच्या वेळची बाभळीची बाज अजून उभी आहे. बदलली ती फक्त दोरी.

ज्या लाकडाचे नांगर, वखर, तिफण आणि गाडीची चाके झाली, ते लाकूड काय चुलीत घालायच्या लायकीचे? ते जळतण होते, कारण आम्ही ते ओले आणि घाईत विकतो.

मग करायचे काय? ज्वारी निघाल्यावर, थंडीत झाड तोडावे. थंडीत लाकूड हळू वाळते, कमी तडकते. साल त्याच आठवड्यात काढावी; भुंगा सालीखालीच अंडी घालतो. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना शेणमातीचा जाड लेप द्यावा, नाहीतर तोंडापासून भेगा पडतात. जमले तर ओंडके महिनाभर पाण्यात बुडवून ठेवावेत. लाकडातले गोड सत्त्व निघून जाते आणि कीड कमी लागते. जुने सुतार हेच करीत. मात्र पिण्याच्या विहिरीत किंवा गुरांच्या पाणवठ्यात नको. पाणी काळे होऊन वास मारते. मग सावलीत, दगडावर उचलून, हवा खेळेल असे रचावे. उन्हात टाकाल तर जळतणच होईल.

वैशाखात हात मोकळे असतात. तेव्हा पहिल्यांदा पलंगाच्या मागे लागू नका. बाक करा. चार फूट लांबीचा ओंडका पाचरी ठोकून मधोमध फोडा. सपाट बाजू वाकसाने तासून घ्या. खालच्या बाजूने गिरमिटाने सव्वा इंचाची चार भोके आरपार पाडा, थोडी बाहेर कललेली, म्हणजे बाक डुगडुगत नाही. मनगटाएवढ्या फांद्यांचे दीड फुटाचे पाय घ्या आणि त्यांची वरची टोके भोकात घट्ट बसतील अशी तासा.

इथे एक खुबी आहे. पाय कडकडीत वाळलेले असावेत आणि बैठकीचे लाकूड किंचित ओलसर. बैठक वाळताना आवळते आणि पायाला धरून ठेवते. वरून पाचर मारायची ती बैठकीच्या रेषांना आडवी. रेषांच्या बाजूने माराल तर बाक चिरेल. खिळ्यांची गरज नाही. वाळलेल्या बाभळीत खिळा वाकतो, नाहीतर लाकूड फाटते.

जमीन उंचसखल असेल तर तीन पायांची तिवई करा. ती कुठेही टेकते. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला तिच्यासारखी सोय नाही. दोन वस्तू जमल्या की मग बाज. तिची दोरी कापसाच्या कडेला लावलेल्या अंबाडीच्या वाखाची वळता येते.

शेवटी जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्या. पण सावध! तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नका; त्या आपोआप तापून पेट घेतात. घरात कापूस भरलेला असतो, हे विसरू नका. चिंध्या अंगणात पसरून वाळवा. वाळवीसाठी पायांच्या बुडाला डांबर लावा.

कायद्याचेही ऐका. सागवान, आंबा, चिंच, मोह ही आपल्याच रानातली झाडेसुद्धा १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ त्या यादीत नाही. तरी धुरा सामाईक असेल तर शेजाऱ्याला विचारा, आणि लाकूड गावाबाहेर न्यायचे तर आधी वनखात्यात चौकशी करा. तोडाल त्याच्या दुप्पट लावा. शेंगा खाल्लेल्या शेळीच्या लेंडीतले बी चांगले उगवते.

कोणी म्हणेल, बाक करून कर्ज फिटते काय? नाही फिटत. कापसाला भाव मिळाल्याशिवाय ते फिटणार नाही, आणि ती लढाई बाकाने संपत नाही. पण लग्नासाठी नवे कर्ज टळते, हे काय थोडे झाले?

आणि एक हिशेब पक्का ठेवा. घरची मजुरी फुकट धरू नका. कापसात तीच चूक आपण पिढ्यान्‌पिढ्या केली. बाकाला किती दिवस लागले ते लिहून ठेवा. गावातल्या सुताराला हाताशी घ्या, त्याला रोजची पूर्ण मजुरी द्या. ट्रॅक्टर आल्यापासून त्याचेही काम गेले आहे. शेजाऱ्याने बाक मागितला तर लाकूड, दिवस आणि मजुरी मांडून भाव सांगा. तो परवडला नाही तर विकू नका. स्वतः बसा.

पुढच्या बैठकीला सतरंजी आम्ही आणणार नाही. ज्याने त्याने आपली तिवई आणावी.