घाटातली धडधड आणि अंथरुणातली धडधड



कीर्तन आटोपलं की माणसं पाया पडायला येतात. त्यातलं एखादं जरा मागं रेंगाळतं. गर्दी पांगली की हळूच जवळ येऊन सांगतं, “महाराज, छातीत धडधडतं. रात्री दोनला दचकून जाग येते, काळीज उडतंय असं वाटतं, हातापायाला मुंग्या येतात, घशाला कोरड पडते. आता मी मरतो असं वाटतं. दवाखान्यात गेलो, कार्डिओग्राम काढला, डॉक्टर म्हणाले हृदय चांगलं आहे. मग हे काय आहे?” आणि त्याच्या मागून दुसरा प्रश्न येतो, त्याहून हळू आवाजात. “इतकी वर्षं गळ्यात माळ आहे, तरी एवढी भीती वाटते. माझी भक्ती खोटी आहे का?”

माउली, आजचं निरूपण या दोन प्रश्नांसाठी आहे. दुसरा आधी घेऊ, कारण तोच जास्त छळतो.

गीतेचा पहिला अध्याय आठवा. अर्जुन म्हणजे काय साधा माणूस का? साक्षात महादेवाशी झुंजलेला वीर. तो रथात उभा राहतो, समोर आजोबा दिसतात, गुरू दिसतात, भाऊबंद दिसतात, आणि त्याच्या देहाला काय होतं ते तो स्वतःच देवाला सांगतो. गात्रं गळाली, तोंड कोरडं पडलं, अंगाला कापरं भरलं, रोमांच उभे राहिले, हातातलं गांडीव निसटायला लागलं, अंगाची आग होतेय, उभं राहवत नाही, मन गरगरतंय. बघा माउली, एखाद्या डॉक्टरनं लिहून घ्यावी अशी यादी आहे ही! आणि लगेच पुढं तो म्हणतो, मला सगळी चिन्हं उलटी दिसतात. भीती अंगात शिरली की असंच होतं. कुत्रं रडलं तरी अपशकुन, पापणी लवली तरी अपशकुन.

आता मला सांगा, अर्जुनाची भक्ती खोटी होती का? देव त्याच्यापासून लांब होता का? देव हातभर अंतरावर बसला होता, घोड्यांचे लगाम हातात धरून! तरी अर्जुन कापला. ज्ञानोबा माउलींनी दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी याला मिठाचा दाखला दिलाय. मीठ पाण्यात विरावं तसं ते हृदय विरलं, आणि माउली आवर्जून सांगतात की ते हृदय धीराचं होतं तरी विरलं. म्हणजे भ्याड माणसालाच धडकी भरते असं नाही. धीराच्या माणसालाही भरते, भक्तालाही भरते. ज्याला भरली त्यानं आपल्या भक्तीवर डाग लावून घेऊ नये.

आता पहिला प्रश्न. हे आहे तरी काय?

ज्यांनी वारी केली त्यांना सांगायला सोपं आहे. पुण्याहून सासवडचा टप्पा आठवा. वडकीचा विसावा उरकला की समोर दिवे घाट उभा राहतो. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. आपण टाळ वाजवत चढायला लागतो. निम्म्या घाटात काय होतं? छाती धाडधाड उडते, धाप लागते, घाम फुटतो. एरवी बसल्या जागी मिनिटाला ६० ते १०० ठोके पडणारं हृदय तिथं सहज सव्वाशेच्या वर जातं. तिथं कुणी घाबरतं का? “आता मी जातो” असं कुणी म्हणतं का? नाही. आपण म्हणतो, चढ आहे. वर पोचलो की बसू, पाणी पिऊ.

आणि तेच हृदय तेवढंच रात्री अंथरुणात उडालं, की आपण उठून बसतो. का? तिथं चढ दिसत नाही म्हणून. माउली, चढ तिथंही असतो. मुलीचं लग्न ठरत नाही हा चढ आहे. सोसायटीचं कर्ज, पावसानं दिलेली ओढ, मुलाची गेलेली नोकरी, घरातलं आजारपण, हे सगळे घाटच आहेत. आपण ते दिवसभर न बोलता चढत असतो, आणि देह रात्री त्याचा हिशोब मांडतो.

देवानं या देहात एक राखणदार ठेवलाय. वाटेत साप दिसला की तो क्षणात हाक देतो. रक्तात एक रस सुटतो, त्याला डॉक्टर अ‍ॅड्रेनालिन म्हणतात. हृदय जोरात पळतं, श्वास वाढतो, हातापायाला पळायचं बळ येतं. राखणदार फार इमानी आहे, पण त्याला खरा साप आणि काळजीचा साप यातला फरक कळत नाही. तो दोन्हीला सारखीच हाक देतो. मग श्वास भराभर चालला की रक्तातला कर्बवायू कमी होतो, त्यानं बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, चक्कर वाटते. मुंग्या आल्या की माणूस आणखी घाबरतो, आणखी घाबरला की राखणदार आणखी ओरडतो. असं ते चाक फिरतं. पण हे ध्यानात ठेवा, ही लाट बहुधा दहा-एक मिनिटांत सगळ्यात उंच जाते आणि मग आपोआप ओसरायला लागते.

मात्र हे चिंतेमुळंच आहे असं आपल्याआपण ठरवायचं नाही. एकदा डॉक्टरकडून तपासून घ्यायचंच. कार्डिओग्राम, रक्तदाब, रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉईड. अंगात रक्त कमी असलं तरी धडधडतं, थायरॉईड वाढलं तरी धडधडतं. आणि आपल्या लोकांच्या दोन गोष्टी सांगतो. वारीत पावलापावलावर चहा मिळतो, आपण प्रसाद म्हणून घेत राहतो. चहा जास्त झाला की छाती उडते. तंबाखूनं, मशेरीनंही उडते. दुसरी गोष्ट, साखरेचा आजार असलेला माणूस एकादशीला गोळी घेतो आणि पोट रिकामं ठेवतो. साखर उतरते, दरदरून घाम येतो, काळीज धडधडतं. तिथं धीर धरत बसायचं नाही, लगेच साखरेचं काहीतरी तोंडात टाकायचं, आणि उपवासाचं डॉक्टरला आधी विचारून घ्यायचं. पांडुरंगाला तुमची एकादशी हवी आहे, तशी द्वादशीही हवी आहे.

आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं दाबलं, कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत गेली, गार घाम सुटला, शुद्ध हरपली, बसूनही धाप थांबेना, तर तिथं निरूपण नाही, नामाचा प्रयोग नाही. १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. नाम गाडीत बसूनही घेता येतं.

तपासणी झाली, हृदय चांगलं निघालं, तरी धडधड येते. मग काय करायचं?

परत कुरुक्षेत्रावर चला. अर्जुन रथात मटकन खाली बसला, तेव्हा देव पहिल्यांदा काय बोलले? रागावले. हे तुला शोभत नाही, हा दुबळेपणा सोड, ऊठ, असं म्हणाले. अर्जुन उठला का? नाही उठला! साक्षात भगवंताच्या रागावण्यानं जो उठला नाही, तो तुमच्या-आमच्या रागावण्यानं उठेल का? घरात एखाद्याची छाती उडते आणि आपण म्हणतो, “काही झालं नाही तुला, नाटकं बंद कर.” त्यानं एकही माणूस बरा होत नाही. अर्जुन म्हणाला, मला कळेनासं झालंय, मी तुझा शिष्य आहे, मला शिकव. मी लढणार नाही, एवढं बोलून गप्प बसला. मग देव हसल्यासारखे झाले आणि बोलायला लागले. पुढं अठराव्या अध्यायापर्यंत बोलत राहिले.

आणि या सगळ्या वेळात रथ कुठं होता? दोन्ही सैन्यांच्या मधोमध. देवानं घोडे मागं वळवले नाहीत आणि पुढंही पिटाळले नाहीत. रथ तिथंच उभा ठेवला. माउली, धडधड आली की एवढंच करायचं. रथ उभा ठेवायचा. तिच्याशी भांडायचं नाही, तिच्यापासून पळायचं नाही. बाजारात असाल तर बाजारात, एसटीत असाल तर एसटीत, दर्शनबारीत असाल तर बारीत, गर्दी रेटत असेल तर पाच पावलं बाजूला. मनाशी म्हणायचं, “राखणदार ओरडतोय. साप नाही. हा घाट आहे, माथा येईल.” पाय जमिनीला टेकलेत याकडं ध्यान द्यायचं.

आणि श्वास. भजनात लय पळायला लागली तर काय करतो आपण? मृदंग हिसकावून घेत नाही. एखादा जुना टाळकरी ठाय लय धरतो, आणि हळूहळू सगळे त्या लयीवर येतात. हृदयाला थांब म्हणून ते थांबत नाही, पण श्वास आपल्या हातात आहे. श्वास हा आपला टाळकरी. नाकानं श्वास घेताना मनात चार मोजा, सोडताना सहा. किंवा मोजूच नका. घेताना “राम कृष्ण” म्हणा, सोडताना “हरी” लांबवा. सोडणं लांब पाहिजे. पाच-दहा मिनिटं करा. पण दर मिनिटाला नाडी धरून “कमी झाली का, कमी झाली का” असं पाहू नका. नाम म्हणजे भीती मोजायचा काटा नाही.

हे धडधडताना एकदम जमणार नाही. सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो, मन आवरणं म्हणजे वारा आवरणं. देव त्यावर वाद घालत नाहीत. खरंच कठीण आहे म्हणतात, आणि मग अभ्यासाची नि वैराग्याची वाट दाखवतात. अभ्यास म्हणजे रोजचं करणं. सकाळी मन शांत असताना दहा मिनिटं या लयीनं नाम घ्या. घाटात चालायचं तर पाय घरी असतानाच तयार करावे लागतात.

एक मोठी अडचण सांगतो. ज्या जागी धडकी भरली ती जागा माणूस सोडतो. आधी गर्दीचं देऊळ सुटतं, मग बाजार, मग एसटी, शेवटी उंबरा. प्रत्येक वेळी पळून आलं की बरं वाटतं, आणि तेवढीच भीती पुष्ट होते. तो भीतीला दाखवलेला नैवेद्य आहे. म्हणून थोडंथोडं परत जायचं. आज देवळाच्या पायरीपर्यंत, उद्या सभामंडपापर्यंत, सोबत कुणीतरी घेऊन.

आणि एवढं करूनही झोप उडाली, कामधंदा सुटायला लागला, तर मनाच्या डॉक्टरकडं जा. बाहेरचं लागलंय म्हणून लिंबू उतरवत वर्ष घालवू नका. बोलून करायचे उपचार आहेत, गोळ्या आहेत. सुरू केलेली गोळी आपल्या मनानं बंद करू नका. पाय मोडला तर प्लास्टर घालतो, तेव्हा विठ्ठल रागावतो का? गोळी घेतली म्हणून नामाची गोडी उणी होत नाही. सरकारची टेलिमानस म्हणून सोय आहे, १४४१६ हा नंबर, रात्रंदिवस, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जगणंच नको वाटायला लागलं तर त्याच घडीला कुणालातरी सांगा. अर्जुनानं सांगितलं म्हणून गीता झाली. तो मनातल्या मनात कुढत बसला असता तर देव तरी काय बोलले असते?

माउली, तुमच्या छातीत जे उडतंय ते तुमचं वैरी नाही. आईच्या पोटात होतात तेव्हापासून ते तुमच्यासाठी चालतंय, एक दिवस सुट्टी नाही, आणि भ्यालं तरी तुमच्याच काळजीनं भितं. त्याच्यावर चिडू नका. आज रात्री ते उडालंच, तर हात छातीवर ठेवा, श्वास लांब सोडा आणि त्याला सांगा, घाट आहे बाबा, थांबत थांबत चढू.

रामकृष्ण हरी.